घरात मला जेवायला देत नाहीत

रियाधच्या एका हॉस्पिटलात, बायको आणि मुलगी शेजारी उभ्या असताना, मी डॉक्टरांना सांगितलं की घरात मला जेवायला देत नाहीत. हे मी बोललो याची मला काहीही आठवण नाही. बायकोने ते मला कधी सांगितलंही नाही. मुलीने सांगितलं, तेही कित्येक महिन्यांनी, रागाच्या भरात.

मी मूळचा नाशिकचा. इथल्या एका बँकेत आयटीचं काम करतो. बायको इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते, मुलगी त्याच शाळेत तेव्हा दहावीला होती. पोट सुटलेलं, साखर काठावर, असा मी माझ्या वयाच्या इतर माणसांसारखाच होतो. ऑफिसच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मी मोबाइलवर उपासाचे व्हिडिओ बघायला लागलो. आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग दिवसाआड जेवायला लागलो, मग आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहिलो. वजन झपाट्याने उतरलं. लोक विचारायला लागले, काय केलंत, कसं केलंत. त्या विचारण्याची मला चटक लागली. पन्नाशी जवळ आली तरी आजवर मला कोणी काही विचारायला आलं नव्हतं.

मग मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. रियाधमधले, दम्मामचे, अल खर्जचे मराठी लोक त्यात आले. मी रोज सकाळी त्यांना उपासाबद्दल दोन शब्द लिहायचो. अन्नामुळे डोक्यावर कशी साय धरते, आणि उपासाने ती कशी निघून जाते, असलं काहीतरी.

बायको संकष्टीचा उपास करते. एका संकष्टीला ती खिचडीसाठी साबुदाणा भिजवत होती. मी म्हणालो, "साबुदाणा खाऊन कसला उपास होतो?"

तिने वर न बघता विचारलं, "मी देवाचा उपास करते. तुम्ही कोणाचा करताय?"

मी हसलो आणि हे ग्रुपवर विनोद म्हणून टाकलं. तिच्याच ओळखीच्या बायकांचे नवरे त्या ग्रुपवर होते.

रमझान आला तेव्हा मी ठरवलं की आता सगळ्यात लांबचा उपास करायचा, थेट गुढीपाडव्यापर्यंत. रमझानमध्ये ऑफिस लवकर सुटतं, पँट्री बंद असते, समोर कोणी चहा पीत नाही. यापेक्षा सोपं वातावरण मिळणार नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सौदी सहकारी बसतो, माझ्याच वयाचा. त्याला कळलं की मी संध्याकाळीसुद्धा काही खात नाही, तेव्हा तो काळजीने म्हणाला, "आमच्यात सूर्य मावळला की लगेच रोजा सोडतात. उशीर करणं चांगलं नाही मानत. तू कशासाठी ताणतोयस?"

मी त्याला म्हणालो, "तुम्ही संध्याकाळी सगळं भरून काढता. माझं तसं नाही." त्याच्या घरून माझ्यासाठी आणलेला समोशांचा डबा त्याने पुन्हा पिशवीत ठेवला. हे मात्र मला नीट आठवतं, आणि कधीकधी वाटतं, हेच पुसलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

पहिले काही दिवस डोकं दुखलं. मग भूक गेली आणि खरोखरच छान वाटायला लागलं. पहाटे आपोआप जाग यायची, डोकं धुतलेल्या काचेसारखं वाटायचं. आमच्या एका जुन्या प्रोग्रॅममधली चूक कोणालाच सापडत नव्हती, ती मी एका बैठकीत शोधून काढली. मला वाटलं, मेंदूला अन्न लागतच नाही. ग्रुपवर तसं लिहिलंही.

पुढे मळमळ सुरू झाली. पाणीसुद्धा उलटून पडायचं. बायकोने फार्मसीतून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून टेबलावर ठेवल्या. "एवढ्या तरी घ्या," ती म्हणाली. मी म्हणालो, "गोळ्या घेतल्या तर उपास कसला?" आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं. त्या दिवसांत मी मुलीला तिच्या प्रोजेक्टबद्दल एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत होतो म्हणे. ती इंग्रजीत म्हणायची, बाबा, आत्ताच सांगितलं ना. मला वाटायचं, हल्लीची मुलं उगाच चिडतात.

त्या वर्षी पाडवा आणि ईद लागोपाठ आली. सुट्टी होती म्हणून आमच्या मंडळींनी शहराबाहेर एक इस्तराहा भाड्याने घेतला होता. इस्तराहा म्हणजे चार भिंतींच्या आत हिरवळ, एक दिवाणखाना आणि मुलांसाठी लहानसा तलाव. शुक्रवारी आणि सणावारी लोक तिथे जमतात. माझा उपास तिथे, सगळ्यांसमोर सुटणार होता. मी बारीक झालेल्या अंगावर नवा कुर्ता घातला होता. कोणीतरी मला मधोमध खुर्ची दिली. मी आधी खजूर खाल्ले, मग मोठा ग्लास भरून उसाचा रस प्यायलो, आणि मग पानावर बसलो. श्रीखंड बायकोने केलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर चुलाण्यावर पुऱ्या तळल्या जात होत्या आणि तेलाचा वास आत येत होता.

माझी आठवण इथे संपते. पुढचं मला बायकोने आणि मुलीने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी माझे पाय सुजले. मला उठवेना. बायकोला वाटलं अशक्तपणा आहे, एवढे दिवस पोटात काही नव्हतं, भरून यायला वेळ लागणारच. तिने मला ग्लुकोजचं पाणी दिलं, साखर घातलेली पेज दिली, पुन्हा ग्लुकोज दिलं. मी जितका मलूल होत गेलो तितकं ती अधिक देत गेली. मग मी म्हणालो की मला दोन-दोन दरवाजे दिसतायत. बाथरूमला जाताना पाय फाकवून, भिंत धरून चालायला लागलो, नुकतं चालायला शिकलेलं मूल चालतं तसा. ईदच्या सुट्टीत मी ऑफिसचे कपडे मागितले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कॉलेज रोडवरून रिक्षा करू या, असंही मी म्हणालो. कॉलेज रोड नाशिकला आहे.

बायकोने मुलीच्या मदतीने मला गाडीत बसवलं. गाडी चालवायला ती इथेच शिकली होती, लायसन्स काढलं होतं, पण रिंग रोडवर मी तिला कधी गाडी नेऊ देत नसे. त्या दिवशी तिने नेली.

हॉस्पिटलात एक सुदानी डॉक्टर होते. त्यांनी माझे डोळे तपासले, बोट डावी-उजवीकडे फिरवून बघायला सांगितलं. माझी नजर बोटाबरोबर जात नव्हती, थरथरत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती दिवस खाल्लं नाही? का खाल्लं नाही?"

मी म्हणालो, "घरात मला जेवायला देत नाहीत."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी आणखी सविस्तर सांगितलं. बायको स्वयंपाकघराला कुलूप लावते. म्हणून मी रोज संध्याकाळी मशिदीजवळच्या इफ्तारच्या तंबूत जातो, मजुरांच्या रांगेत बसतो आणि मिळेल तो भात खातो. आमच्या गल्लीच्या टोकाला तो तंबू खरंच होता. ऑफिसातून येताना मी रोज त्याच्या बाजूने यायचो. पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आवाज चढवून, रडून सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मुलगी म्हणते, मी अगदी साधेपणाने सांगत होतो, पत्ता सांगावा तसा.

हॉस्पिटलने समाजसेवा विभागातल्या एका बाईंना बोलावलं. त्यांचं काही चुकलं नाही, असं ऐकल्यावर कोणीही तेच करेल. त्यांनी बायकोला एका खोलीत नेलं आणि विचारलं, घरात भांडणं आहेत का, जेवण कोण करतं, किल्ल्या कोणाकडे असतात. मग तिला बाहेर बसवून मुलीला आत घेतलं. तुझी आई बाबांना जेवायला देते का, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीला एका परक्या बाईने विचारला. मुलगी म्हणाली, देते. बाई म्हणाल्या, घाबरू नकोस, खरं सांग.

तिकडे डॉक्टरांनी बायकोकडून उपासाची सगळी हकिकत काढून घेतली आणि तातडीने शिरेतून बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू केली. नंतर तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी मला सगळं समजावलं. अन्न बंद झालं की शरीरातला बी-वनचा साठा थोड्याच आठवड्यांत संपतो. गोड खाल्लं की ती साखर जाळायला हेच जीवनसत्त्व लागतं, त्यामुळे उरलंसुरलंही खर्च होतं. रक्तातले क्षार अचानक खाली येतात, ते वेगळंच. मेंदूचे काही छोटे भाग हा फटका सोसू शकत नाहीत. डोळे आणि तोल सांभाळणारा भाग त्यात येतो, आणि नवी आठवण साठवणाराही. आठवण साठवली गेली नाही की मेंदू रिकामी जागा तशी ठेवत नाही, जवळपास पडलेल्या खऱ्या-खोट्या तुकड्यांनी ती भरून काढतो. "तो माणूस खोटं बोलत नसतो," डॉक्टर म्हणाले. "त्याला ते खरंच वाटतं."

मला तेव्हा वाटलं, ते सगळ्या रुग्णांबद्दल बोलतायत. बायको माझ्या शेजारी बसून खाली बघत होती.

तिने त्यांना फक्त एक विचारलं. "मी ग्लुकोज दिलं, त्याने झालं का?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही भुकेल्या माणसाला खायला दिलंत. तुम्हाला कसं माहीत असणार?"

हे उत्तर तिला पुरलं नसावं. घरातला ग्लुकोजचा डबा तिने टाकून दिला आणि अजूनही त्या कपाटासमोर ती कधीकधी नुसती उभी राहते. एकीकडे उपाशी ठेवल्याचा आरोप, दुसरीकडे खायला देऊन घात केल्याची बोच. दोन्ही तिच्या वाट्याला आले आणि दोन्ही माझ्यामुळे.

डोळे लवकर सुधारले. चालणं हळूहळू जमलं. आठवण मात्र पूर्वीसारखी झाली नाही. जुनं सगळं जागच्या जागी होतं. शाळेतल्या मास्तरांची नावं, प्रोग्रॅमिंगची भाषा. नवं काही टिकत नव्हतं. सकाळच्या मीटिंगमध्ये ठरलेलं दुपारी मी नव्यानेच ऐकतोय असं विचारायचो. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला मी आलो होतो आणि मागच्या रांगेत बसलो होतो, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं. मी तेव्हा हॉस्पिटलात होतो. ऑफिसने मला काढलं नाही, पण माझी टीम दुसऱ्याकडे गेली आणि मला जुन्या कागदपत्रांचं काम मिळालं. शेजारचा तो सौदी सहकारी मला रोज मीटिंगची आठवण करून द्यायला खुर्चीजवळ येतो. इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलतो. मला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

मुलगी माझ्याबरोबर जेवायला बसत नव्हती. ताट घेऊन खोलीत जायची. मला वाटायचं, वय आहे. एका दुपारी मी भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोललो. तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि आधी इंग्रजीत, मग मला नीट भिडावं म्हणून मराठीत म्हणाली, "आता हेही जाऊन सांगा हॉस्पिटलात. की आई मीठ देत नाही."

मी विचारलं, "कसलं हॉस्पिटल?"

बायको म्हणाली, "जाऊ दे, खोलीत जा तू."

"नाही आई. त्यांना कळायला पाहिजे." आणि तिने सगळं सांगितलं. कुलूप, तंबू, भात, ती बाई. सांगताना ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी आता तरी कबूल करतो का नाही. माझ्याकडे कबूल करायलाही काही नव्हतं.

ती आत गेल्यावर मी बायकोला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं? तुम्हाला आठवत नव्हतं. मला वाटलं, एकाला तरी आठवत नाही ते बरं आहे."

"तुला किती वाईट वाटलं असेल."

ती बराच वेळ गॅस पुसत राहिली. मग म्हणाली, "वाईट नंतर वाटलं. तेव्हा तुम्ही इतकं शांतपणे सांगत होतात ना, की क्षणभर मला वाटलं, आपण खरंच देत नव्हतो की काय. मी आठवून बघायला लागले, कुलूप कुठे ठेवलंय."

तेव्हापासून मी घरात पाहुणा आल्यासारखा वावरतो. पाणी हवं असेल तर स्वतः घेतो. जेवण वाढलं की "खूप झालं" म्हणतो. बायको चिडते. "असं करू नका, त्याने मला जास्त त्रास होतो," म्हणते. मग मी आणखी एक पोळी मागतो, आणि मागताना माझा चेहरा तापतो.

याच काळात मी तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुन्हा उघडला. आजारपणात बायकोने त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. ग्रुप बंद पडला असेल असं मला वाटलं होतं. पण अल खर्जच्या दूध प्रकल्पात काम करणारे सांगलीचे एक इंजिनिअर त्यात रोज लिहीत होते. चाळिशीचे, तिथे एकटेच राहणारे. त्यांचा पाण्यावरचा उपास तिसऱ्या आठवड्यात होता. त्यांनी माझीच वाक्यं परत टाकली होती. ती साय, ती धुतलेली काच. खाली विचारलं होतं, सर, तुम्ही कशाने सोडला होता? मीही गोडानेच सोडीन म्हणतो.

मी लगेच फोन केला. माझं काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "सर, ऐकलं होतं तुम्ही आजारी होता म्हणून. पण प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं ना. मला तर एकदम फ्रेश वाटतंय. आणि तुम्हीच मला पाऊण तास समजावलं होतं, घाबरू नका म्हणून."

तो पाऊण तास मला आठवत नव्हता. आजारपणाच्या आधीचा की नंतरचा, तेही कळेना.

शुक्रवारी बायकोने मला अल खर्जला नेलं. प्रकल्पाच्या वसाहतीत त्यांची एक खोली होती, नीटनेटकी. कंपनीकडून मिळणाऱ्या लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्या फ्रिजमध्ये न उघडता रांगेने ठेवलेल्या होत्या. ते उठून आमच्यासाठी पाणी आणायला गेले तेव्हा वाटेत त्यांनी भिंतीला हात लावला. बायकोने माझ्याकडे बघितलं.

मी त्यांना बी-वनबद्दल सांगितलं, क्षारांबद्दल सांगितलं. ते मान हलवत होते. "मी मीठ घेतो ना सर पाण्यातून," ते म्हणाले. व्हिडिओतली वाक्यं त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. मला वाटलं, मी मागे असाच दिसत असणार, असाच हसत असणार.

मग मी ते सांगितलं. बायको समोर बसलेली असताना सांगितलं, की मी डॉक्टरांना म्हणालो, घरात मला जेवायला देत नाहीत. कुलपाचं सांगितलं, तंबूचं सांगितलं. मुलीला खोलीत नेऊन काय विचारलं ते सांगितलं. बायको बाहेरच्या बाकावर बसून रडत होती, हेही सांगितलं. मी तिच्याकडे बघत नव्हतो, त्यांच्याकडेही नाही.

ते हसायचे थांबले. त्यांनी विचारलं, "वहिनी, खरंच असं झालं?"

"झालं," ती म्हणाली.

"माझी बायको तिकडे सांगलीला असते," ते म्हणाले. "मी असलं काही बोललो तर ती इथे 'नाही' म्हणायलासुद्धा नसेल."

"चला आमच्याबरोबर," बायको म्हणाली. "चप्पल घाला."

तिथल्या हॉस्पिटलात आम्ही आधीच सगळं सांगितलं. किती आठवडे, नुसतं पाणी, अजून काही खाल्लेलं नाही. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं आणि मगच चमच्याचमच्याने खायला सुरुवात केली. आठवडाभर त्यांना ठेवून घेतलं. ते सुखरूप बाहेर आले. एखादं-दुसरं नाव आठवायला वेळ लागतो म्हणतात, पण कामावर आहेत.

त्या शुक्रवारी परतीच्या वाटेवर गाडी बायको चालवत होती. दोन्ही बाजूंना उघडं माळरान, मध्येच हिरवी शेतं. मी म्हणालो, "तुझ्यासमोर सांगावं लागलं मला."

"मला माहीत होतं तेच सांगितलंत," ती म्हणाली. तिने पुढचा एक टँकर मागे टाकला. मग म्हणाली, "फक्त एक चुकलं. मी रडले नव्हते."

"तूच म्हणाली होतीस."

"मी असं कधीच म्हटलं नाही. मी बाकावर बसून सुट्टीनंतर घ्यायच्या पेपरची गणितं सोडवत होते, डोक्यातल्या डोक्यात. नाहीतर काय झालं असतं मला माहीत नाही."

मला ती रडताना दिसत होती. बाक, तिचा पदर, सगळं दिसत होतं. पण ती म्हणाली, त्या दिवशी तिने पंजाबी ड्रेस घातला होता, वर अबायाचा काळा झगा. पदर नव्हताच.

घरी आल्यावर मी अल खर्जला फोन केला. हॉस्पिटलच्या खाटेवरून ते म्हणाले, "बोला सर." मी म्हणालो, "मघाशी मी म्हणालो की ही बाहेर बसून रडत होती. तसं झालं नव्हतं."

"अहो सर, त्याने काय फरक पडतो?"

"तिला पडतो," मी म्हणालो. मुलगी डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. तिने ऐकलं असावं. त्या संध्याकाळी ती ताट घेऊन खोलीत गेली नाही. तिने माझ्याकडे डाळीचं भांडं सरकवलं, आणि मी ते घेतलं.